बाई क्रमांक सात

नळ खाकरला. आधी एकदा, कोरडाच. मग जरा थांबून दोनदा, घशात काही अडकल्यासारखा. दुपारचे अडीच वाजले होते. लहानगी शिवन्या चटईवर पालथी झोपली होती, खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि आठ दिवस मुक्या पडलेल्या नळातून हवा यायला लागली की मागोमाग पाणी येतं, हे लातुरात नांदणाऱ्या बाईच्या हातांना तिच्या डोक्याआधी कळतं. वर्षाराणी उठली ती हातांच्याच जोरावर. कानात इअरफोन आहे, त्याची वायर चौरंगावरच्या लॅपटॉपला लावलेली आहे, हे ध्यानात येईपर्यंत वायर निसटली होती, आणि गेली वीस मिनिटं फक्त तिच्या कानात बोलत असलेली बाई एकदम घरात बोलायला लागली.

"तितं मला कोनी आई म्हनलं न्हाई," बाई म्हणत होती. "समदी मावशी म्हनायची. साठ लेकरं. मावशी, भाकर. मावशी, वरन. लई बरं वाटलं, बाई."

घागर नळाखाली लागली. बुडावर पाण्याची पहिली धार वाजली आणि त्या वाजण्याच्या वरून आवाज आला, तेव्हा तो बाई क्रमांक सातचा राहिला नाही. वर्षाराणीच्या आईचा झाला. कानात असतो तो नुसता आवाज. बाईचे दात किती उरलेत, दम किती आहे, एवढंच त्यातून कळतं. आवाजाचं माणूस व्हायला खोली लागते, भांडी लागतात, कुठंतरी पाणी पडत असावं लागतं. असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते इतकं नीटनेटकं होतं की तिला स्वतःचाच राग आला. असलं काही सुचायची ही वेळ नव्हती. तिनं ओल्या हातानं लॅपटॉप मिटवला. घागर भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी. खालून हाजराबींची हाक आली, "अगे वर्षा, पानी आया! सो गई क्या गे?" तेव्हा ती "हाव, भरून राहिले" म्हणाली आणि मग खरंच भरायला लागली. दोन घागरी, पिंप, तीन बादल्या, सगळ्यात शेवटी पातेली. पाणी गेलं तेव्हा साडेतीन होत आले होते, आणि तेवढ्या वेळात तिनं काहीही विचार केला नव्हता. निदान तिला तसं वाटलं.

काम तसं साधं होतं. नांदेडला बैठक प्रतिष्ठान नावाची संस्था आहे. हणमंतराव सरांनी ती काढली. सर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय त्यांना तेवढी राहून गेली. गावोगावच्या लोकांनी एकत्र बसावं, बोलावं, म्हणून संस्था मदत करते; कुठं भारुडाला, कुठं उर्दू-मराठी मुशायऱ्याला, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्याच बोलण्याला, म्हणजे सतरंजी, चहा आणि एक विषय. "बायांनी गप्पा माराव्या म्हणून संस्था?" दयानंद, तिचा नवरा, पहिल्यांदा म्हणाला होता. तो दाळ मिलमध्ये सुपरवायझर. दिवसभर यंत्रापाशी उभा राहून आल्यामुळे घरीही मोठ्यानंच बोलतो. "आमच्या गल्लीत येऊन बघा म्हणावं सरांना. बंद करायला संस्था काढतील." तिला हसू आलं होतं, कारण ते खरं होतं.

या वर्षीचा विषय होता, एकटीनं केलेला प्रवास. बाया गोलात बसून सांगायच्या. तुळजापूरला गेले, लेकाच्या परीक्षेला छत्रपती संभाजीनगरला गेले, बस चुकली, पिशवी हरवली. पण जिला सगळ्यांसमोर सांगायचं नाही तिच्यासाठी सरांनी 'एकटीची वेळ' ठेवली होती. बाईनं शाळेच्या एका खोलीत बसायचं, समोर रेकॉर्डर चालू, आणि बैठका घेणाऱ्या मनतशा आपांनी बाहेर उंबऱ्यावर दाराकडं पाठ करून बसायचं. नाव नाही, गाव नाही. बाईला नंबर, गावालाही नंबर. ते बोलणं दुसऱ्या कुणी ऐकून टाईप करायचं, मग ते त्या बाईला वाचून दाखवायचं, ती "असू द्या" म्हणाली तर पुस्तिकेत जाणार आणि दुसऱ्या गावांच्या बैठकीत वाचलं जाणार, "नगं" म्हणाली तर नाही. आणि ऐकणारीला बोलणारी ओळखू येऊ नये म्हणून सरांनी तोड काढली होती की नांदेडचे आवाज लातूरला ऐकायचे, लातूरचे नांदेडला. तरीही एखादा आवाज ओळखीचा निघालाच, तर लगेच कळवायचं. ते बोलणं पुसून टाकायचं, आणि का पुसलं ते बाईला जाऊन सांगायचं. शब्द म्हणजे शब्द. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नांदेडच्या लेकी लातूरला आणि लातूरच्या नांदेडला, हे किती पिढ्यांपासून चाललंय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यांचं एक सोडा. पण तिथं बसलेल्या अकरा जणींतल्या नऊ तरी जिल्हा ओलांडून नांदायला आलेल्या होत्या. वर्षाराणी स्वतः कंधारच्या पुढची. तिनंही मान डोलावली होती.

तिनं इअरफोन पुन्हा लावला आणि सुरुवातीपासून ऐकायला घेतलं. कानात तो आवाज परत परका होतो का, ते तिला बघायचं होतं. थोडासा झालाही.

"माजी पोरगी तवा साडेचार वर्साची व्हती," बाई क्रमांक सात सांगत होती. "पोरगी गुनी, पोरीचं काय न्हाई. मालक बी हात उचलनारे न्हवते. मंग का गेलीस म्हनाल तर ते सांगता यायचं न्हाई मला. सकाळी शेन काडलं, भाकरी टाकल्या, पोरीला न्हाऊ घातलं, आन् दळन आनते म्हनून निगाले ती यस्टीतच बसले. डबा गिरनीवर राह्यला. नांदेडला उतरले, टेशनात गेले. खिडकीतला म्हनला, कुटं? म्होरला मानूस किनवट म्हनला व्हता, म्या बी म्हनलं किनवट. माज्या बापाचं कोनी न्हवतं तितं." इथं बाई हसली होती. बारीक, नाकातून. वर्षाराणीनं हे हसू या आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी ते आईचंच होतं. "गाडीत खिडकीपाशी बसले. निस्तं जंगल. जंगल म्हंजे काय, झाडंच की; पर त्येला बांद न्हाई. कोनाचं हाय इचारायचं न्हाई. किनवटाला लेकरांचं वसतिगृह व्हतं, तितली सैपाकीन आजारी पडलती. म्या म्हनलं, मी भाकरी थापते. अकरा दिस थापल्या. रातच्याला झोप लागायची. तवर मला वाटायचं, मला झोपच येत न्हाई, माजं अंगच तसलं. तसं न्हवतं. येत व्हती की झोप."

ती अकरा दिवसांची गोष्ट वर्षाराणीकडंही होती. फक्त तिच्याकडच्या गोष्टीत आई नांदेडच्या दवाखान्यात होती आणि तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं. आत्या आली होती, आत्यानं वेण्या इतक्या ताणून घातल्या होत्या की डोळ्यांच्या कडा दुखायच्या. दादा, म्हणजे वर्षाराणीचे वडील ग्यानोबा, खांद्यावर पिठाचा डबा घेऊन वाड्याच्या वाटेनं येताना तिला दिसतात. मानेवर पीठ, मिशीवर पीठ. पुरुष माणसानं दळण आणलेलं तिनं तेवढंच एकदा पाहिलं, म्हणून ते चित्र राहिलं असेल असं तिला वाटायचं. एका संध्याकाळी आई आली. पदरात टेंभुर्णीची फळं होती, जंगलातली, पिवळीजर्द, चिकट, गोड. दवाखान्यात आजारी बायांना टेंभुर्ण्या देतात, अशी तिची समजूत झाली आणि ती समजूत इतकी आत जाऊन बसली की शिवन्याच्या वेळी इथं लातूरला ती बाळंतपणाच्या वॉर्डात पडली असताना, हे हसण्यावारी न्यायचं असूनही, कुणीतरी ती फळं आणेल अशी वाट तिनं पाहिली होती. मोठी झाल्यावर आई न्हाणीत असताना पाठ चोळायला म्हणून ती जायची आणि पोटावरची खूण शोधायची. खूण नव्हती. "आई, टाके कुठं गेले?" तिनं एकदा विचारलं. "आतून केलं आपरेशन," आई म्हणाली होती. शाळेत बाईंना तिनं विचारलं की ऑपरेशन आतून कसं करतात, तर बाई म्हणाल्या, आता नवीन निघालंय तसं.

कसं वाटतंय, हे ती चाचपून बघत होती. दातात अडकलेलं काही जिभेनं शोधावं तसं. रडू येत नव्हतं. राग म्हणावा तर तोही नाही. मागच्या महिन्यात शिरूर अनंतपाळला संस्थेचा एक कार्यक्रम होता, तो आटोपून ती स्टँडवर बसली होती. लातूरची गाडी लागली. ती उठली नाही. कंडक्टरनं "लातूर, लातूर" करून घंटी मारली, गाडी गेली. अर्ध्या तासानं दुसरी लागली, तीही गेली. ऊन सरकत पायापर्यंत आलं होतं आणि शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "कुठं जायाचंय तुमाला?" तर तिला पटकन सांगता आलं नव्हतं. तिसऱ्या गाडीनं ती घरी आली. शिवन्याला हाजराबींनी खिचडी खाऊ घातली होती. गाडी उशिरा होती, असं ती दयानंदला म्हणाली. त्यानं विचारलंही नव्हतं.

तिनं मनतशा आपांना फोन लावला. खरं तर कळवायलाच लावला होता.

"बोल गं," आपा म्हणाल्या. मागं प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "थांब, गॅस बारीक करू दे. हां. कुठवर आली फाईल?"

"सातवर आहे, आपा."

"अरे, सात! ती अम्मा! काय सुकून से बोलली गं ती. बाकीच्या बाया खोलीत जाऊन दोन मिन्टात बाहेर, म्हणे मशीनसंगं काय बोलावं. ही पाऊण तास. मी उंबऱ्यावर बसून बसून पाय मेले माझे. अन् बाहेर आली तर मलाच म्हणते, पोरी, चहा घेतलास का."

"आत जायच्या आधी काही म्हणाली का ती?"

"हाव ना. मला विचारली, हे कोन ऐकनार? मी म्हटलं, लातूरची एक बाई ऐकंल, तुम्हाला ती वळखत नाही, तुम्ही तिला वळखत नाही. तर म्हणते, लहान लेकरू हाय का तिला? मी म्हटलं, एक पोरगी आहे, साडेचार-पाच वर्षांची. मग म्हणते, बरं मंग बोलते. अन् गेली आत." आपा थांबल्या. "का गं? आवाज नीट नाही का? काही अडचण?"

सांगायला एवढी मोकळी जागा पुन्हा मिळाली नसती. ओळखीचा निघाला, एवढंच म्हणायचं होतं. मग आपांनी बोलणं पुसलं असतं, त्या प्रामाणिक आहेत. पुढच्या आठवड्यात बस धरून त्या गावी गेल्या असत्या, आईला शाळेच्या ओसरीवर बसवून म्हणाल्या असत्या, अम्मा, माफ करा, ऐकणारी तुमचीच लेक निघाली. आईनं पदर सारखा केला असता. त्यानंतर आई कधी कुणाशी, मशीनशीसुद्धा, पाऊण तास बोलली नसती.

"नाही," वर्षाराणी म्हणाली. "मधेच कुत्रं भुंकतंय, बाकी नीट आहे."

"ते कुत्रं सरपंचाचं. हकलूनही हलेना," आपा म्हणाल्या. "उद्यापर्यंत दे बाई फाईल. परवा मी जाणार आहे वाचून दाखवायला."

आई तिच्या कामाला कॉम्प्युटरचं काम म्हणते. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं; कुठं समजावत बसा. म्हणजे आईला ठाऊक नव्हतं. आईनं जे सांगितलं ते लातूरच्या एका अनोळखी बाईला सांगितलं, जिला लहान पोरगी आहे, म्हणून जिला ते कळेल अशा एका बाईला. सव्वीस वर्षं घरात, चुलीपाशी, न्हाणीत शेजारी असलेली, जिच्या बाळंतपणात आई उशाशी बसली होती ती लेक त्या बाईत नव्हती. वर्षाराणीला पहिल्यांदा काहीतरी टोचलं ते इथं. तिनं आईचा नंबर लावला.

"काय गं, दुपारी फोन?" आईचा आवाज आला. तोच आवाज, पण वरच्या पट्टीत, लेकीशी बोलायचा. "जावाई बरे हायेत ना?"

"बरे आहेत. सहज केला."

"सहज कोन करतंय फोन. शिवन्या कुटं हाय?"

"झोपलीय. आई, काय करून राहिलीस?"

"काय करनार, तुज्या बापाला च्या देऊन राह्यले. पानी आलं का तुमच्याकडं?"

"आलं आताच." नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. "आई, मी लहान असताना तुझं ऑपरेशन झालं होतं ना. कशाचं गं?"

पलीकडं बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. "कंचं?"

"नांदेडला. आत्या आली होती बघ."

"ते व्हय," आई म्हणाली. "पोटाचं. का, तुला काय व्हऊन राह्यलं का? दुकतंय का कुटं? डाक्टरला दाखीव मग, अंगावर नगू काडू. माजंच अंगात आलं आसंल तुज्या."

"नाही गं. फॉर्म भरायचाय एक. घरात कुणाचं काय झालंय, विचारलंय."

"मंग ल्ही की. पोटाचं म्हनून ल्ही," आई म्हणाली, आणि खारोड्या वाळल्यात, कुणी इकडचं येणारं असलं तर पाठवते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. त्या खोट्यात इतक्या वर्षांची सफाई होती, घासून घासून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखी. वर्षाराणीला वाटलं होतं की आपल्याला वाईट वाटेल. तसं न होता एक विचित्र आदर वाटला, जसा फार वर्षं एकच काम नीट करणाऱ्या माणसाबद्दल वाटतो. लेकीला सांगायचं खोटं लेकीसाठीच राखून ठेवलेलं होतं. ते दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं. आणि खरं होतं ते लातूरच्या बाईला मिळालं होतं. दोघींपैकी एकच होता येईल. सर म्हणतात, ऐकणं म्हणजे स्वतः जरा बाजूला सरणं. मीटिंगमध्ये ते वाक्य फळ्यावर लिहिलेलं असायचं आणि चहा येईपर्यंत ती त्याच्याकडं बघत बसायची.

मग ती लातूरची बाई झाली. झाली म्हणजे काय, चौरंगापाशी बसली, मांडी घातली, आणि टाईप करायला लागली. शब्द न् शब्द, जसा आला तसा. 'तितं', 'न्हाई', सगळं तसंच; 'आपरेशन' हा शब्द मात्र त्यात कुठंच नव्हता. घरी काय सांगितलं गेलं, हे बाई क्रमांक सातनं सांगितलंच नव्हतं. कुत्रं भुंकलं तिथं कंसात कुत्रं लिहिलं. बाई हसली तिथं हसू लिहिलं. साठ लेकरांची न्याहारी, मोठ्या परातीत पीठ मळताना खांद्यात येणारी कळ, एका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढल्या ते, गृहपाल म्हणाला मावशी तुम्ही राहा इथंच, नाव लावून टाकतो, ते. सगळं. कुठं सोपं केलं नाही, कुठं पुसलं नाही. शेवटचं पान आलं तेव्हा तिनं जे केलं ते लातूरच्या बाईनं केलं की आणखी कुणी, हे तिला नंतरही नक्की सांगता आलं नसतं. तिनं वायर काढली. आवाज बारीक ठेवला, घरातल्या घरात पुरेल इतका. हे पुन्हा कधी ऐकायला मिळणार नव्हतं; टाईप झालं की रेकॉर्डिंग परत पाठवायचं असतं. आईला या घरात, या भांड्यांमध्ये, एकदा नीट बोलू द्यावं, एवढंच.

"झोप बी येत व्हती तितं. मंग अकराव्या दिशी आले," आई म्हणाली. "पाटंच उटले, भाकरी थापल्या, झाकून ठिवल्या, आन् गाडीत बसले. कोनी न्यायला आलं न्हवतं. कोनाला ठाव बी न्हवतं मी कुटं हाय ते. आले. आले म्हंजे आले." बाहेरून कुणाचं तरी खोकणं. मग खुर्ची सरकली. "ह्ये बंद कसं करायचं वो, बाई?"

वर्षाराणीनं बंद केलं. फाईलच्या तळाशी नेहमीची चौकट होती, 'आवाज ओळखीचा वाटला का?' तिनं 'नाही' लिहिलं. फाईल आपांना गेली. परवा आपा त्या खोलीत बसून हे सगळं मोठ्यानं वाचतील, आणि आई "असू द्या" म्हणेल किंवा "नगं" म्हणेल. दोन्हीतलं काय व्हावं, असं ती स्वतःला विचारणार होती, तेवढ्यात तिला कळलं की आपल्याकडं कुणीतरी बघतंय.

शिवन्या चटईवर तशीच पालथी होती. गालावर चटईच्या काड्या उठल्या होत्या. डोळे टक्क उघडे. कधीपासून, कुणास ठाऊक.

"मम्मी," ती म्हणाली, "आजी बोलून राहिली होती ना?"

वर्षाराणीनं लॅपटॉप मिटवला. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. आत्ताच लिहून दिलं होतं. फक्त पुन्हा म्हणायचं होतं.

"आजीला तिथं झोप येत होती ना," शिवन्या म्हणाली. ती उठून बसली, केस डोळ्यांवरून मागं सारले, आणि एखादं गणित चुकलंय तसं कपाळ आवळून आईकडं बघत राहिली. "मग वापस कशाला आली?"